नोंदणी रिझवानच्या नावावर

भिंगार, ७ एप्रिल २०२५

रिझवान,

सलाम. पाकीट बघून हसू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या बायकोला, इन्शाला, फोन लावला तर तिचा फोनही तूच उचलतोस आणि ठेवतोस. मग माझ्यासाठी राहिला पोस्टमन. भिंगारहून पुण्यात कोंढव्याला पत्र घालावं लागतंय, हे अब्बांनी ऐकलं असतं तर दोघांनाही दुकानाबाहेर उभं केलं असतं.

मराठीत लिहितेय, कारण घरातली आपली बोली लिहिता येत नाही, आणि उर्दू तुला वाचता येत नाही, मला धड लिहिता येत नाही. शिवाय भांडायला मराठी चांगली पडते. शाळेत आपण दोघांनी ते नीट शिकून घेतलंय.

कामाचं बोलते. दुकानातला कॉम्प्युटर बसला. कल्याणने, तोच आपला रिपेअरवाला, आतला बोर्ड बदलला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. एम्ब्रॉयडरीचं सॉफ्टवेअर मात्र उघडेना. ते म्हणतं, हा कॉम्प्युटर मी ओळखत नाही, नव्याने ॲक्टिव्हेशन करा. ॲक्टिव्हेशनसाठी ओटीपी लागतो, आणि तो जातो नोंदणी केलेल्या मोबाईलवर. म्हणजे तुझ्या. मी बटण दाबते तेव्हा कोंढव्यात तुझा खिसा वाजत असेल. दिवसातून चारदा वाजला असेल तर ती मीच.

नोंदणी तुझ्या नावावर का, ते आठवतंय ना? मी श्रीरामपूरचं सासर कायमचं सोडून आले आणि अब्बांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरवर नक्षी पाडायला शिकले. अब्बांनी माझ्यासाठी मशीन घेतलं, सॉफ्टवेअर घेतलं, आणि नाव टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "पोराचं टाक. पोरीच्या नावावर कोण काय ठेवतं?" तू तेव्हा अकरावीत होतास आणि कॉलेजला दांडी मारून किल्ल्यावर क्रिकेट खेळत होतास. तुझं नाव आणि तुझा नंबर मीच टाइप केला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे गॅसचं कार्डही पाळण्यातल्या पोराच्या नावावर करतील.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. आधी बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. मी म्हटलं, बारा वर्षं हे मीच वापरतेय. ती म्हणाली, "मॅडम, परवाना रिझवान सरांचा आहे. तुम्ही वापरत होता, हेच मुळात नियमात बसत नाही." मी विचारलं, नाव बदलून द्याल का? म्हणे, तशी सोय नाही. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलता आलं, पत्त्यात मी अहिल्यानगर लिहायला शिकले, पण एका सॉफ्टवेअरवरचं रिझवानचं नाव हलत नाही.

आणि पडद्यावर लाल अक्षरांत काय येतं माहीत आहे? 'आपली प्रत अस्सल नसण्याची शक्यता आहे. चाचेगिरी हा गुन्हा आहे.' रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून कॉम्प्युटर लावायचा आणि पहिला मान म्हणून चोर ठरायचं.

माझी सगळी डिझाइनं त्यात अडकली आहेत. मोर, कोयऱ्या, नथी, पालख्या, अब्बांनी हाताने काढलेली फुलं, सगळं. मशीनला चालतात त्या तयार फायली मी प्रत्येक ऑर्डरीनंतर पुसते, कारण प्रत्येक बाईचा गळा वेगळा, पाठ वेगळी, नवऱ्याचं नाव वेगळं. मूळ नक्षी सॉफ्टवेअरमध्ये, आणि सॉफ्टवेअर तुझ्या खिशात.

लग्नसराई आहे. चिचोंडीच्या छबूबाई येऊन गेल्या. त्यांची धाकटी नात ज्ञानेश्वरी, तिचं लग्न सोळा मे. थोरल्या दिपालीच्या ब्लाऊजवर मी पाठभर मोर भरले होते, तसेच धाकटीला हवेत. मी हो म्हणून बसले आहे.

तर एक दिवस माझा नंबर उघड, फोनवर सहा आकडे सांग, आणि मग खुशाल परत ब्लॉक कर. ओटीपी पत्राने पाठवू नकोस. तो दहा मिनिटांत शिळा होतो.

तुझी आपा,
जरीना


भिंगार, १९ एप्रिल

रिझवान,

तुझं उत्तर पोचलं. पत्राला पत्राने उत्तर द्यायचं सोडून तू मध्यस्थ म्हणून फैयाजभाईंना पाठवलंस. बिचारे भर उन्हात आले, दोन ग्लास पाणी प्याले आणि मग तुझा निरोप सांगितला. ते बोलले आपल्या बोलीत, मी मराठीत लिहितेय आणि मधल्या शिव्या गाळतेय. त्यातल्या काही माझ्याच होत्या.

"रिझवान म्हणतो, ओटीपी देतो. पण आपाने दुकानाच्या हक्कसोडपत्रावर सही करावी. गिऱ्हाईक तयार आहे, मोबाईलची शोरूम करणार आहेत. आपाला तो घरात एक खोली देईल, जन्मभर सांभाळेल."

मी विचारलं, "फैयाजभाई, तुम्हाला हे बरं दिसतं?"

"मला काय बरं आणि काय वाईट! सगळ्या बहिणी हिस्सा सोडतात, जरीना. माझ्या दोघींनी सोडला. भावाचं दार उघडं राहतं."

त्यांच्या दोघी बहिणी त्या दारातून शेवटच्या कधी आत आल्या, ते मी विचारणार होते. पण पाहुणा माणूस, आणि चहा आला.

म्हणजे सहा आकड्यांच्या बदल्यात दुकान. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकलं होतं. तू तर आवळाही दहा मिनिटांत परत घेणार. आता नीट वाच, दोनदा सांगणार नाही. मी सही करणार नाही. ओटीपीसाठी नाही, खोलीसाठी नाही, तू सांभाळशील म्हणून तर मुळीच नाही. अब्बा गेले तेव्हा तू म्हणालास विकू, मी म्हटलं नाही, तू नंबर ब्लॉक केलास. मला वाटलं राग आहे, उतरेल. तो राग नव्हता. तू वाट बघत होतास, माझं नाक कधी दाबता येईल याची. कंपनीने तुला चिमटा आणून दिला.

पण मला खरा संताप कशाचा येतो ते सांगू? केडगावात एकाने चार मशीनं टाकली आहेत. त्याचं सॉफ्टवेअर फुकटातलं, कुलूप फोडलेलं. ते त्याला कधी ओटीपी मागत नाही, कधी चोर म्हणत नाही, सकाळी गुमान उघडतं. माझ्या नथीचं डिझाइन त्याने कुणाच्या तरी स्टेटसवरच्या फोटोवरून उचललं आणि 'आमची खास नथ' म्हणून विकतो. मी कंपनीला तेही सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या तक्रारीचा विभाग वेगळा आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आता रोज माझ्या टेबलावर बघते.

कल्याणही आला होता. "मॅडम, तुम्ही कशाला झिजताय? मी क्रॅक टाकून देतो, दहा मिनिटांचं काम. सगळेच वापरतात."

खोटं कशाला बोलू, मी 'टाक' म्हणाले. मला जे चोर म्हणतच आहेत त्यांना खरं करून दाखवू, असं झालं होतं. त्याने टाकलं, उघडलंही. पण माझी एकही फाईल उघडेना. ज्या परवान्याने जतन केली त्याच परवान्याने उघडते, असं त्या कुलपाचं काम आहे. प्रत्येक मोराच्या पोटात लिहिलेलं, मालक रिझवान सत्तार शेख. ज्याने आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही, तो माझ्या मोरांचा मालक. मी कल्याणला म्हटलं, काढ ते क्रॅक. जे माझं उघडत नाही ते मला फुकटही नको.

फैयाजभाईंना निरोप दिलाय, पण ते अर्धा विसरतात. म्हणून लेखी देते. नाही.

जरीना


भिंगार, १ मे

रिझवान,

तुला वाटत असेल आपा रडत बसली असेल. बसले होते. दोन दिवस बसले, कुणाला दिसू दिलं नाही. मग छबूबाई आल्या.

त्या आल्या ब्लाऊज झालंय का विचारायला. मी सरळ सांगितलं, मावशी, डिझाइन अडकलंय, आता जमणार नाही, दुसरीकडे बघा. त्यांना ओटीपी, परवाना, सगळं समजावलं. त्या ऐकून घेत होत्या आणि पदराने वारा घेत होत्या.

"म्हंजी मोर मेले न्हाईत," त्या म्हणाल्या.

"मेले नाहीत, पण उघडत नाहीत."

"अगं, पर दिपालीचं झंपर हाय की घरात! कपाटात घडी घालून ठिवलंय, एकदाच घातलं पोरीनं. त्याच्यावरचे मोर का तुझ्या कंपूटरनं उचलून नेले? कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, बाय. आनू का?"

बारा वर्षं मी फाईलीला डिझाइन समजत होते. डिझाइन तर गिऱ्हाईक नेतं!

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने ते ब्लाऊज घेऊन आल्या. मी ते उलटं केलं. अब्बा सांगायचे ना, नक्षी सुलट बघायची, कारागीर उलट बघायचा. उलट्या बाजूला सगळं असतं. सुई कुठे शिरली, कुठून कुठे उडी मारली, दोरा कुठे तोडला, खालचा टाका किती दाट. भिंग लावून, ट्रेसिंग पेपर ठेवून मी पहिला मोर उतरवून घेतला. आपलंच अक्षर वाचायला किती वेळ लागतो? मधे एका पिसावर टाका चुकला होता, तो त्या वेळी कुणाला दिसला नव्हता. आता दुरुस्त केला.

मग मी माझ्या स्टेटसला लिहिलं, 'ज्यांच्याकडे माझ्या हातचं काम आहे त्यांनी दोन तासांसाठी द्यावं, मी नक्षी उतरवून घेईन आणि जागेवर परत देईन.' मला वाटलं चार-दोन जणी येतील. लग्नातलं ब्लाऊज कोण कुणाला देतं! रिझवान, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदाराच्या बायकोने नथ आणली. श्रीरामपूरहून एक सिस्टर आल्या, त्यांच्या चर्चच्या वेदीचं कापड घेऊन, द्राक्षाच्या वेलीचं. ते मी केलं होतं हे मीच विसरले होते. एक बाई म्हणाली, नवरा वारलाय, हे आता मी घालत नाही, राहू दे तुझ्याकडेच. मी म्हटलं, नाही, घेऊन जा, मला फक्त बघायचंय. ती दोन तास शेजारी बसून राहिली आणि लग्नातल्या गमती सांगत होती.

सगळ्याजणी आल्यावर आधी विचारतात, काय झालं? आणि मी सगळ्यांना खरं सांगते. तुझं नाव भिंगारपासून श्रीरामपूरपर्यंत पोचलंय. तुला नोंदणीची हौस आहे, ती पुरी झाली म्हणायची.

आणखी एक. मी नवं सॉफ्टवेअर घेतलं, दुसऱ्या कंपनीचं. रीतसर घेतलं. कल्याण म्हणाला, "परत पैसे घालताय? त्या केडगाववाल्याला बघा." त्याला बघूनच घेतलं. माझी नथ उचलणाऱ्याला चोर म्हणायचं तर मला स्वतःला तसं असून चालणार नाही. यालाही कुलूप आहे, हेही उद्या मला काही तरी म्हणेलच. पण नाव विचारलं तेव्हा मी जरीना सत्तार शेख लिहिलं. मोबाईल विचारला, माझा दिला. सहा आकडे माझ्याच हातात वाजले तेव्हा मी दचकले. मग खूप हसले. दुकानात एकटीच हसत होते.

अजून पुष्कळ डिझाइनं मिळायची आहेत. अब्बांनी शेवटी काढलेली डाळिंबाची वेल मी एकदाच भरली होती, तुमच्या निकाहात, इन्शाच्या ओढणीवर. ती मागणार नाही. तुझ्या घरातून काही मागायचं नाही, असं ठरवलंय.

जरीना


भिंगार, १३ मे

रिझवान,

रविवारी तू आलास, बरोबर इन्शा आणि फैयाजभाई. दीड वर्षाने दुकानाची पायरी चढलास आणि चढल्या चढल्या म्हणालास, "आपा, हा काय बाजार भरवलाय?" सलाम नाही, काही नाही. तुझी दाढी एवढ्यातच पांढरी व्हायला लागली आहे, हे मात्र मला आधी दिसलं. ते तुला दाखवायचं नव्हतं म्हणून मी ब्लाऊज फ्रेमला लावत राहिले.

जे तुझ्यासमोर झालं ते परत लिहीत नाही. फक्त माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगते. तू टाइप केलेलं हक्कसोडपत्र टेबलावर ठेवलंस, फैयाजभाईंना साक्षीदार म्हणून स्टुलावर बसवलंस, जुनं सॉफ्टवेअर स्वतः उघडलंस आणि बटण दाबलंस. तुझा मोबाईल वाजला. तो तू टेबलावर पालथा ठेवलास आणि म्हणालास, "दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे. आधी सही, मग आकडे."

दुकानात सात-आठ बायका होत्या. मी ज्ञानेश्वरीच्या पाठीवरच्या दुसऱ्या मोराला सोनेरी जर लावली आणि मशीन सुरू केलं. तुला वाटलं मी विचार करतेय. मी दोरा बघत होते, त्या रंगाचा दोरा सारखा तुटतो. फैयाजभाई एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. शेवटी तू मोबाईल उचललास, पडदा बघितलास आणि तुझा चेहरा उतरला. कोड मेला होता.

"परत पाठवतो," तू म्हणालास.

"पाठव. मला दुपारपर्यंत हा मोर संपवायचाय."

तू कागद तसाच टाकलास, फैयाजभाईंना ओढत बाहेर नेलंस आणि गाडीत एसी लावून बसलास. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

इन्शा आतच राहिली होती. तू तिला हाक मारलीस, तिने ऐकलं नाही असं दाखवलं. मला वाटलं, आता ही समजवायला येईल, आपा, सही करून टाका, घरात शांती राहील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती माझ्याकडे आली नाही. तिने खांद्यावरच्या पिशवीतून एक घडी काढली आणि बायकांच्या रांगेत, छबूबाईंच्या मागे, जाऊन उभी राहिली. तुझी बायको, माझ्या दुकानात, रांगेत.

मी म्हटलं, "इन्शा, तू कशाला उभी? इकडे ये."

"नको, आपा. सगळ्या उभ्या आहेत. माझा नंबर आला की घ्या."

छबूबाईंनी मागे वळून पाहिलं. "कोन गं तू? लांबून आलीस?"

"पुण्याहून. मी यांची भावजय."

"मंग म्होरं जा की."

"नाही, मावशी. आमच्या घराने आधीच पुष्कळ पुढे घुसून घेतलंय."

रिझवान, मी इतके दिवस कुणासमोर रडले नव्हते. तिथे रडले. मशीन चालू ठेवून रडले, म्हणून आवाज कुणाला आला नाही. छबूबाईंनी पाहिलं असावं. त्यांनी आपला नंबर इन्शाला दिला, आणि इन्शाने तो घेतला नाही.

तिचा नंबर आला तेव्हा तिने ओढणी टेबलावर उलगडली, तुझ्या त्या कागदावरच. डाळिंबाची वेल, चारी काठांनी, एकही टाका उसवलेला नाही. मी विचारलं, "रिझवानला माहीत आहे?" ती म्हणाली, "नाही. त्यांना तुम्ही लिहा. मी सांगितलं तर ते ऐकत नाहीत, तुमचं पत्र मात्र तीनतीनदा वाचतात. मग गच्चीवर जातात."

हे वाचून तू तिच्यावर चिडशील. चिडलास तर याद राख, तिचा नंबर माझ्याकडे आहे आणि फोन आता ती स्वतः उचलते.

ज्ञानेश्वरीचं ब्लाऊज काल दिलं. छबूबाईंनी मोरांवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "दिपालीपरीस हे झ्याक झालंय, आता ती भांडल." कंपनीला मी मेल केलाय की तुमचा परवाना ज्याचा आहे त्यालाच विचारा, माझं काही काम नाही. ते कुलूप आता पूर्णपणे तुझं. आत जे होतं ते एकेक करून माझ्या नावाने परत येतंय. काही राहील. जे राहील ते मी नवीन काढेन.

तुझं हक्कसोडपत्र या पाकिटात घातलंय. सहीची जागा कोरी आहे, नीट बघून घे. दुकान विकायचं नाही. तुझा हिस्सा तुझाच आहे, तो मी कधी मागितला नाही, मागणार नाही. तुला बसायचं असेल तर अब्बांची खुर्ची रिकामी आहे. काम शिकवीन, शिव्या देईन.

ओढणी मात्र माझ्याकडेच आहे. वेल मोठी आहे, उतरवायला वेळ लागेल, ईदच्या आधी होईल. इन्शाला ती कुरिअरने नको आहे. ती म्हणाली, "ते येतील न्यायला."

ये. आमच्याकडे कापड परत देताना नेणाऱ्याची सही घेतात. दुकान माझंही आहे, सही तुला करावी लागेल.

तुझी आपा,
जरीना सत्तार शेख